फरिदाभाभींचं चूलबंद

फरिदाभाभींचं पत्र येऊन एक वर्ष आणि दोन महिने झाले होते, आणि साहेबरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र हरवलं नव्हतं. ते कुठं आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कपाटाच्या वरच्या फळीवर, जाड शब्दकोशाच्या मधोमध. निळं आंतर्देशीय पत्र, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं गोल गोल अक्षर, आणि शेवटच्या ओळी जागा संपत आली म्हणून दाटीवाटीनं लिहिलेल्या. साहेबरावांना ते पाठ होतं.

‘साहेबरावदादांना फरिदाचा सलाम. इकडं बारामतीत सगळी खुशाली आहे. अफजल कामावर जातो. ह्यांचा दमा तसाच. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे खाली उतरायचं म्हणजे एक कामच होतं. गावची खबर कळवा. फळ्यावर काय काय लिहिलं? कालव्याला पाणी सुटलं का? छबूबाईची म्हैस व्याली का? कडुनिंबाखाली अजून कोणी बसतं का? आणि एक विचारायचं होतं. करुणाच्या लग्नाच्या याद्या तुम्हीच केल्या होत्या. त्यात माझ्या घरचं चूलबंद होतं का नव्हतं? नसलं तर नसलं. पण ताईबाईनं मला का टाळलं, माझं काय चुकलं, एवढं तुम्ही खरं सांगाल म्हणून तुम्हालाच लिहिते.’

अंथुर्ण्याच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला असलेल्या त्या वाडीत लग्नाचं बोलावणं दोन तऱ्हेचं असे. नुसती पत्रिका दिली, तर त्या घरातल्या एकानं जाऊन तोंड दाखवून यायचं. आणि ज्यांच्याशी खरा घरोबा, त्यांना चूलबंद. म्हणजे लग्नघरच्या माणसानं त्यांच्या दारात उभं राहून, घरातल्या बाईला बाहेर बोलावून, तोंडानं सांगायचं, की अमक्या दिवशी तुमची चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळे आमच्याकडं. पत्रिका कितीही सोनेरी असली तरी हे तोंडानं सांगितल्याशिवाय घरची बाई उंबरा ओलांडत नसे. यात मानापमान मोठा, म्हणून सगळे जपत.

साहेबराव हायस्कुलात लेखनिक होते. पस्तीस वर्षं हजेरीपट आणि दाखले लिहिले, आणि उरलेल्या वेळात शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं वाचली. माणसांपेक्षा पुस्तकं बरी, कारण ती उलटून काही विचारत नाहीत, असं त्यांना मनातल्या मनात वाटे. निवृत्त झाल्यावर वाडीनं त्यांच्याकडं चौकातल्या फळ्याचं काम दिलं. पाण्याची पाळी, मयत, लग्नं, दवाखान्याचं शिबिर, दहावीचे निकाल. रोज सकाळी ते वळणदार अक्षरात लिहीत आणि लोक वाचत. ‘आबांच्या फळ्यावर हाय’ म्हटलं की पुढं कोणी वाद घालत नसे.

हा विश्वास त्यांना फार जड जाई.

करुणाचं लग्न तीन वर्षांपूर्वी वैशाखात झालं. करुणा ही ताईबाईंची धाकटी लेक. ताईबाई म्हणजे साहेबरावांच्या चुलत भावाची बायको. भाऊ लवकर गेला, तेव्हापासून घरातलं वडीलधारं माणूस म्हणून साहेबरावच. आणि फरिदाभाभी ताईबाईंच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. त्यांचे मालक बादशाहभाई पिठाची गिरणी चालवत. दोघी बायका एकाच वर्षी वाडीत नांदायला आल्या होत्या. चाळीस उन्हाळे दोघींनी एका खाटेवर कुरडया घातल्या. करुणाचं पहिलं परकर-पोलकं फरिदाभाभींनी शिवलं, आणि फरिदाभाभींच्या अफजलला कांजिण्या आल्या तेव्हा ताईबाई तीन रात्री त्याच्या उशाशी बसल्या.

तेव्हा चूलबंदाच्या यादीत पहिलं नाव फरिदाभाभींचंच होतं. साहेबरावांनी ते आपल्या हातानं लिहिलं होतं. खरं तर हे सांगायला ताईबाई स्वतः जायच्या. पण त्या दिवशी मांडववाला खोळंबला होता आणि आचारी भांडत होता, म्हणून त्या म्हणाल्या, “भावजी, एवढी अकरा घरं तेवढी तुमी करा. फरिदाला म्हनावं, आदल्या दिवशीपासनं ये. काम करायला न्हाय, माझ्यापाशी बसायला.”

दहा घरं साहेबरावांनी केली. प्रत्येक दारात घसा खाकरून, ठरलेलं वाक्य पाठ म्हटल्यासारखं म्हणून ते पुढं सरकले. अकरावं दार फरिदाभाभींचं, घराशेजारचं म्हणून शेवटी ठेवलेलं; तिथं ओसरीवर चार परकी माणसं बसलेली. अकलूजकडचे पाहुणे, अफजलच्या सासुरवाडीचे. मोठ्या आवाजात बोलत होते. त्यातल्या एकानं मान वर करून विचारलं, “कोण पाहिजे?”

विचारण्यात काही वावगं नव्हतं. पण साहेबरावांना वाटलं, आता हे विचारणार, लग्न कुणाकडं? मग आडनाव विचारणार. मग ते आडनाव ऐकून, जेवायला या म्हटल्यावर, त्यांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हलणार. ते हलणं साहेबरावांनी लहानपणी पाहिलं होतं, पाटलाच्या वाड्याबाहेर, किराणा दुकानात, शाळेच्या माठापाशी. फरिदाभाभींच्या घरात मात्र चाळीस वर्षांत एकदाही नाही. तरी पाय उंबऱ्यापाशी थिजले.

“काय न्हाय,” ते म्हणाले. “असंच.”

आणि वळले. गिरणीत गेले. पट्ट्याच्या खडखडाटात बादशाहभाईंच्या हातात पत्रिका ठेवली. पापण्यांपर्यंत पीठ बसलेल्या बादशाहभाईंनी ती कपाळाला लावली आणि फळीवर ठेवली. घरी सांगतील की ते, असं साहेबरावांनी स्वतःला समजावलं. चूलबंद असं पोचत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी ताईबाईंनी विचारलं, “फरिदाला सांगितलं ना?”

“सांगितलं.”

एवढंच. या एका शब्दावर पुढची तीन वर्षं उभी राहिली.

लग्नाला बादशाहभाई एकटे आले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. विहाराच्या पटांगणात वंदना झाली, मुलामुलीवर फुलं पडली, ते पंगतीला बसले, जेवले, पाकीट देऊन गेले. फरिदाभाभी आल्या नाहीत. ताईबाईंनी त्यांच्यासाठी आपल्या शेजारची खुर्ची दुपारी तीनपर्यंत कुणाला बसू दिली नाही. तिथंच, त्या क्षणी, साहेबरावांनी उठून जायला हवं होतं. गिरणीपर्यंतचं अंतर दोनशे पावलं. ते वाढप्यांना मीठ-लिंबू देत उभे राहिले.

आणि ताईबाईंना जे वाटू नये तेच वाटलं. आठ दिवसांनी पाण्याच्या टाकीवर, चार बायकांत, त्या बोलल्या, “माझ्या घरचा चहा चालतोय तिला, कुरडया चालत्यात. पर नवीन पाव्हन्यांच्या देखत आमच्या पंगतीला बसायचं म्हनल्यावर जड गेलं.” ते बोलणं त्याच दिवशी भिंतीपलीकडं पोचलं. फरिदाभाभींनी मधल्या भिंतीतली खिडकी लावून घेतली.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर बादशाहभाईंनी दम्यापायी गिरणी बंद केली आणि अफजल आईबापांना बारामतीला घेऊन गेला. टेम्पो भरत होता तेव्हा ताईबाई घरात सुपात तांदूळ निवडत बसल्या. निवडलेलेच तांदूळ पुन्हा पुन्हा. साहेबराव दोन्ही दारांच्या मधोमध कडुनिंबाखाली उभे होते. फरिदाभाभी टेम्पोत चढताना म्हणाल्या, “येते दादा.” साहेबरावांनी नुसती मान हलवली.

पत्राला उत्तर लिहायला ते बसले नव्हते असं नाही. सहा-सात वेळा बसले. कालव्याला पाणी सुटलं, छबूबाईची म्हैस व्याली, रेडी झाली, तिचं नाव राणी ठेवलं, हे सगळं सुरेख अक्षरात उतरे. दुसऱ्या पानाच्या निम्म्यावर ते वाक्य यायचं आणि पेन थांबायचं. एकदा त्यांनी लिहिलं, ‘त्या वेळी काही गैरसमज झाला असावा.’ वाचून त्यांना स्वतःचीच शिसारी आली. असावा. कागद चुलीत गेला.

यंदाचा उन्हाळा तसा गजबजलेला होता. नागेश हॉटेलवाल्याच्या बोअरला साडेचारशे फुटांवर पाण्याऐवजी फुफाटा लागला. रविराज तिसऱ्या खेपेला दहावी सुटला आणि त्याच्या आईनं अख्ख्या वाडीला पेढे वाटले. योगिनी पोलीस भरतीत निवडली गेली. छबूबाईच्या शेळीनं एका लग्नाच्या मांडवाचा आंब्याचा डहाळा खाल्ला, तर वरमाईनं तिला शिव्या देत देत भाकरी खायला घातली. साहेबराव सगळं फळ्यावर घेत. शेळीचं तेवढं घेतलं नाही. नागेश म्हणाला, “आबा, तुमच्या फळ्याला शेळी चालत न्हाय, मानसं मातुर कसली बी चालत्यात.”

मग एका सकाळी पोस्टमननं जाडसर पाकीट दिलं. आत दोन पत्रिका. एकीवर साहेबरावांचं नाव, दुसरीवर ताईबाईंचं. अफजलची मोठी मुलगी अफशीन, तिचा निकाह बारामतीत, पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी. बाकी चिठ्ठी नाही, ओळ नाही.

साहेबराव पत्रिका घेऊन ताईबाईंकडं गेले. त्या अंगणात खाटेवर जुनी साडी अंथरून कुरडया घालत होत्या. एकट्याच. सोऱ्या दाबायला त्यांना आता दोन्ही हात लागत आणि मधेच थांबावं लागे.

“वहिनी, अफशीनचं लग्न हाय.”

ताईबाईंनी हात पदराला पुसले, पत्रिका उलटीपालटी केली. “कुनी आनून दिली?”

“टपालानं आली.”

“बारामती काय मुंबई हाय व्हय? अफजलच्या गाडीला पाऊण तास लागतोय.” त्यांनी पत्रिका खाटेच्या कडेला ठेवली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर खडा ठेवला. “कार्ड हाय नुसतं. मी तिला तोंडानं चूलबंद सांगून ती आली न्हाय. तिनं मला कार्ड टाकलं. झाली फिटंफिट. तुमी जावा एकटे, तोंड दाखवून या.”

साहेबराव उभेच राहिले.

“बसा की. खांबागत काय उभं ऱ्हायलाय? त्ये टोक धरा साडीचं, वारा सुटलाय.”

ते खाली बसले, साडीचं टोक धरलं. खाटेवर ओल्या कुरडयांची पांढरी वेटोळी. मग साहेबरावांनी बोलायला सुरुवात केली. त्यांनी दहा घरं सांगितली, ओसरीवरचे पाहुणे सांगितले, ‘असंच’ सांगितलं, गिरणी सांगितली. फरिदाभाभींचं पत्रही सांगितलं. बोलताना ते साडीच्या काठाकडं बघत होते.

ताईबाईंचा सोऱ्या मधेच थांबला. पिठाची एक तार तुटून लोंबत राहिली.

“पर तवा तुमी म्हनला, सांगितलं.”

“खोटं बोललो.”

“तुमी?”

“व्हय.”

छबूबाईची रेडी कुठंतरी ओरडत होती.

“त्या पाव्हन्यांनी काय केलं हुतं तुमाला?”

“काय न्हाय. कोण पाहिजे, एवढंच इचारलं.”

“आन् तुमाला वाटलं, आपलं नाव ऐकून ते तोंड वाकडं करतील.”

“व्हय.”

ताईबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. “तुमाला घटकाभर वाटलं. मला तीन वर्सं वाटतंय. तिच्याबद्दल. जिनं माझी दोन बाळंतपणं काढली.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “टाकीवर मी काय बोलले ते ठावं हाय तुमाला?”

“हाय.”

“तवा बी तुमी गप्पच.”

साहेबरावांना वाटलं, वहिनींनी चार शिव्या द्याव्यात. ताईबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. लोंबणारी तार बोटानं तोडली आणि पातेल्यात टाकली.

“फोन लावून देऊ का?” ते पुटपुटले. “अफजलचा नंबर हाय माझ्याकडं.”

“फोनवर तुमी दोन शब्द बोलाल आन् खोकत बसाल. मला म्हाईत न्हाय व्हय तुमी? तिनं लिवून इचारलंय, तुमी लिवूनच सांगा. समदं. आन् माझं नाव पुढं करू नका, की वहिनी अशा म्हनल्या, वहिनींना वाईट वाटलं. मी बोलले त्याचं मी तिच्या पुढ्यात जाऊन बोलेन. ती ये म्हनली तर.”

“न्हाय म्हनली तर?”

“तर तिचं बरोबर हाय.” त्यांनी पुन्हा सोऱ्या उचलला. “सोडा ते टोक. मी बघते.”

साहेबराव उठले. फाटकापाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, “टाकीवर ज्या बायकांनी ऐकलं त्यांना कोण सांगनार, भावजी? त्या अजून तेच धरून बसल्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबराव खडू घेऊन चौकात गेले. कालव्याचं आवर्तन शुक्रवारी बंद होणार, ते लिहिलं. प्राथमिक केंद्रात डोळ्यांची तपासणी, ते लिहिलं. मग थोडी जागा सोडून त्यांनी लिहिलं: ‘खुलासा. तीन वर्षांपूर्वी करुणाच्या लग्नाचं चूलबंद श्रीमती फरिदा यांच्या घरी देण्याचं काम माझ्याकडे होतं. मी ते दिलं नाही आणि दिलं असं सांगितलं. त्या जेवायला आल्या नाहीत यात त्यांचा दोष नाही. साहेबराव.’

अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं होतं. पुसून नीट लिहावं असं त्यांना वाटलं, पण एकदा पुसलं तर पुन्हा लिहिता येणार नाही हेही त्यांना माहीत होतं.

नागेश चहाची किटली घेऊन आला आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला लागला. आवर्तन, डोळे. तिसऱ्या बातमीच्या निम्म्यावर त्याचा आवाज बारीक झाला. वाचून झाल्यावर तो साहेबरावांकडं न बघता म्हणाला, “आबा, लोक वाचतील.”

“त्यासाठीच लिवलंय.”

“मी पुसू का? वाऱ्यानं गेलं म्हनतो.”

“ऱ्हाऊ दे.”

नागेशनं एक कप भरून कट्ट्यावर ठेवला आणि हॉटेलात गेला. साहेबरावांनी तो चहा घेतला नाही. हंडे घेऊन चाललेल्या दोन बायका फळ्यापाशी थांबल्या. एकीला वाचता येत नव्हतं, दुसरी तिला वाचून दाखवत होती. ते ऐकू येऊ नये म्हणून साहेबराव भराभरा घरी आले.

त्यांनी कागद घेतला. या वेळी सवयीनं कालवा आणि म्हैस पुढं येऊ लागली, ती त्यांनी बाजूला सारली.

‘फरिदाभाभी, तुमचं चूलबंद होतं. यादीत पहिलं नाव तुमचंच होतं. ताईबाई वहिनींचा निरोप असा होता, की फरिदाला म्हणावं, आदल्या दिवशीपासून माझ्यापाशी येऊन बस. तो घेऊन मी तुमच्या दारापर्यंत आलो होतो. ओसरीवर तुमचे पाहुणे होते. त्यांनी काही केलं नव्हतं. मलाच भीती वाटली, आणि ती भीती मी तुमच्या घराला लावली, हे तुम्हाला लिहिताना मला लाज वाटते. मी न सांगता परत आलो आणि वहिनींना मात्र निरोप दिला म्हणून खोटं सांगितलं. त्यांनी तुम्हाला टाळलं नाही. तुमचं काहीही चुकलं नाही. तुम्ही विचारल्यावरही मी चौदा महिने गप्प बसलो, तेव्हा मात्र ओसरीवर कोणी नव्हतं.’

इथं ते थांबले. क्षमा मागावी की नाही हे त्यांना ठरवता येईना. मागितली तर देण्याचं ओझं त्यांच्यावर पडतं, न मागितली तर उद्धटपणा होतो. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘मला क्षमा करावी असं म्हणण्याइतकं धाडस नाही. तुम्हाला जे वाटेल ते कळवा, अगर कळवू नका.’ आणि त्याखाली, फरिदाभाभींनी विचारलं होतं म्हणून, कालव्याचं आणि म्हशीचं. कडुनिंबाखाली आता कोणी बसत नाही, हेही.

वहिनींना वाईट वाटलं, त्या वाट बघतात, असं एक वाक्य हातून उतरलं होतं. ते त्यांनी खोडलं, आणि खोडलेलं वाचता येतंय असं दिसल्यावर तेवढ्यासाठी दोन्ही पानं नव्यानं लिहून काढली.

साडेनऊच्या एसटीनं ते अंथुर्ण्याला उतरले. पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीमागं अंजलीबाई. त्या कधीकाळी साहेबरावांच्या शाळेत शिकायला होत्या, त्यांचा दाखला साहेबरावांनीच लिहून दिला होता.

“आबा, एवढ्या उन्हाचं? साधं का स्पीड पोस्ट?”

“कुठलं लवकर जातंय?”

“स्पीड पोस्ट. पण बारामती तर हितंच हाय. फोन न्हाय का त्यांना?”

“हाय.”

अंजलीबाईंनी त्यांच्याकडं जरा पाहिलं. पाकीट तराजूवर ठेवलं, पत्ता संगणकात घातला. “पाठवणाऱ्याचा मोबाईल नंबर?”

त्यांनी नंबर सांगितला. सांगताना एक आकडा चुकला, तो पुन्हा सांगितला. बारकोडाचं लेबल चिकटलं. खिडकीच्या आत जाणाऱ्या पाकिटावर त्यांची दोन बोटं अजून टेकलेली होती.

“सोडा की आबा,” अंजलीबाई म्हणाल्या.

त्यांनी बोटं काढून घेतली. अंजलीबाईंनी शिक्का मारला, आणि बारामतीच्या पिशवीत पाकीट टाकलं.